ग्राम बाल संरक्षण समिती म्हणजे काय? नंदुरबारमध्ये तिच्यासोबत स्वयंसेवक म्हणून काम कसं करता येतं?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार भरला होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तिथे आले. 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' असे मेसेज त्याआधी बरेच दिवस व्हॉट्सॲपवर फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ठार मारलं. टोळी वगैरे काही नव्हतीच.

राईनपाडा नंदुरबारच्या शेजारीच आहे. १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा जिल्हा होईपर्यंत ही सगळी गावं एकाच धुळे जिल्ह्यात होती. तसले मेसेज आजही येतात. गावातली पोरं रात्री काठ्या घेऊन गस्त घालतात आणि आपण मुलांच्या सुरक्षेचं काम केलं असं त्यांना मनापासून वाटतं.

पण आकडे वेगळं सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं की पोक्सो कायद्याखालच्या नव्वद टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. म्हणजे नातेवाईक, शेजारी, मित्र, शिकवणारा. शिवाय सातपुड्याच्या पायथ्याशी मुलांवर येणारी बरीचशी संकटं गुन्ह्यासारखी दिसतच नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलीचं ठरलेलं लग्न, ऊसतोडीला आई-बापासोबत गेलेला आठवीतला मुलगा, दिवाळीच्या सुट्टीनंतर आश्रमशाळेत परतच न आलेली मुलगी. हे ज्यांना वेळेत कळतं ती माणसं गावातलीच असतात. त्यांच्यासाठी कागदावर एक समितीही आहे, पण बहुतेकांनी तिचं नाव ऐकलेलं नसतं.

ही समिती नेमकी काय आहे?

तिचं नाव ग्राम बाल संरक्षण समिती. केंद्राने २००९-१० पासून एकात्मिक बाल संरक्षण योजना सुरू केली, तिच्यात गावपातळीवर अशी समिती असावी असं ठरलं. हीच योजना आता 'मिशन वात्सल्य' या नावाने चालते. महाराष्ट्रात सरपंच समितीचे अध्यक्ष असतात आणि अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. पोलीस पाटील, शिक्षक, आशा आणि आरोग्य सेविका असे मुलांशी रोजचा संबंध येणारे लोक सदस्य असतात. गावातले जाणते लोक आणि स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी यांनाही जागा आहे. आणि विशेष म्हणजे दोन मुलंही सदस्य असतात. बैठकीत त्यांना बोलू दिलं जातं का, हा प्रश्न मात्र प्रत्येक गावाने स्वतःला विचारायचा.

समितीला कोणाला अटक करण्याचा, दंड करण्याचा किंवा निवाडा देण्याचा अधिकार नाही. कोणतं मूल अडचणीत आहे हे ओळखायचं आणि ती माहिती योग्य ठिकाणी पोहोचवायची, एवढंच तिचं काम. तालुका पातळीवर अशीच समिती असते. जिल्ह्याला महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या हाताखाली जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. निर्णय घेण्याचे अधिकार असतात ते बाल कल्याण समितीकडे. बाल न्याय कायदा २०१५ नुसार अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत आदेश देते.

याच कायद्यात एक तरतूद आहे, जी फारशी कोणाला माहीत नसते. अडचणीतल्या मुलाला बाल कल्याण समितीपुढे कोण नेऊ शकतं, याच्या यादीत पोलीस आणि सरकारी कर्मचाऱ्यांबरोबर सामाजिक कार्यकर्ता आणि समाजहिताची कळकळ असलेला कोणताही नागरिकही आहे. अट एकच, २४ तासांच्या आत नेलं पाहिजे. त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत. धडगाव तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरून नंदुरबार गाठायचं म्हटलं तर ही सवलत किती कामाची आहे ते तिथल्या माणसालाच कळेल.

नंदुरबारमध्ये प्रश्न वेगळा का आहे?

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि त्यात जवळपास ६९ टक्के लोक अनुसूचित जमातीचे. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची. गाव म्हणजे एका ठिकाणी दाटीने वसलेली घरं असं इथे नसतं. एकेका गावाचे डोंगरावर विखुरलेले अनेक पाडे असतात. एकीकडे गुजरात, दुसरीकडे मध्य प्रदेश आणि सोयरीक तिन्हीकडे.

आखाजी जवळ आली की खानदेशात प्रशासन बालविवाहांबाबत सूचना काढतं. छापखान्याने वधू-वराच्या वयाची खात्री करावी, मंडपवाल्याने, वाजंत्रीवाल्याने, भटजीने लक्ष ठेवावं. शहादा किंवा नंदुरबार शहरात याचा उपयोग होतो. पण सातपुड्यातल्या बऱ्याच लग्नांत छापील पत्रिका नसते, मंगल कार्यालय नसतं आणि भटजीही नसतो. लग्न जातीतली जाणती माणसं लावतात. बोलणी आणि देज आधीच ठरलेले असतात. अशा लग्नाची खबर छापखान्यातून येणार नाही. ती पाण्यावर, बाजारात, शाळेच्या हजेरीतून कळते.

'आदिवासींना हा कायदा लागू नाही' असंही बऱ्याचदा ऐकू येतं. यात दोन कायद्यांची गल्लत आहे. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, हे खरं. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ मात्र जात, धर्म, जमात न पाहता सगळ्यांना लागू आहे. मुलीचं वय १८, मुलाचं २१. लग्न लावणारा आणि त्याला उत्तेजन देणारा, दोघांनाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के महिलांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्यामुळे हा काही फक्त डोंगरातला प्रश्न नाही.

मार्च २०२३ मध्ये महिला दिनाला नंदुरबार जिल्हा पोलिसांनी 'ऑपरेशन अक्षता' सुरू केलं. पी. आर. पाटील तेव्हा पोलीस अधीक्षक होते. पोलिसांनी सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, आशा आणि अंगणवाडी सेविकांना सोबत घेतलं आणि ग्रामपंचायतींकडून बालविवाहाविरोधात ठराव करून घेतले. लग्न लागून गेल्यावर गुन्हा दाखल करत बसण्यापेक्षा ते लागायच्या आधी पोहोचायचं, हा यातला मुद्दा. कमी वयातलं बाळंतपण, मातामृत्यू आणि कुपोषण यांची साखळी जिल्ह्याला चांगलीच ठाऊक आहे. म्हणून पोलीस ठाण्याने हा विषय हाती घेणं महत्त्वाचं ठरलं. पण पोलिसांना खबर देणारा माणूस शेवटी गावातलाच लागतो.

स्वयंसेवक करतो काय?

सगळ्यात महत्त्वाचं काम दिसायला कंटाळवाणं आहे. यादी ठेवणं.

पाड्यावर अठराच्या आतली मुलं किती, त्यातली शाळेत किती, आश्रमशाळेत किती, कोण कुटुंबासोबत बाहेर गेलं आहे. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन कुटुंबं दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे आणि पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात, काही सौराष्ट्रात शेतमजुरीला जातात. ती होळीला किंवा उन्हाळ्यात परततात. या काळात मूल कुठल्याच नोंदवहीत नसतं. गावच्या शाळेत ते गैरहजर आणि तिकडच्या शाळेत दाखलच नाही. निघण्याआधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घेतलं तर मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. काही ठिकाणी हंगामी वसतिगृहाची सोय होते, म्हणजे मूल गावातच राहतं. कुटुंब कधी निघणार हे शिक्षकाला कळायच्या आधी शेजाऱ्याला कळलेलं असतं. स्वयंसेवकाची गरज नेमकी तिथेच आहे.

सुट्ट्या संपल्यावरचा आठवडाही असाच. आश्रमशाळा उघडल्यावर कोणती मुलगी परतली नाही हे त्या आठवड्यात पाहिलं, तर ठरलेलं लग्न बऱ्याचदा तारखेच्या आधीच कळतं.

आता समजा कळलं. पुढे काय करायचं?

आधी वय. आधार कार्डावरची जन्मतारीख हा वयाचा पक्का पुरावा नाही. घरी झालेल्या जन्मांची नोंद उशिरा होते, आणि कित्येक कार्डांवर तारीख १ जानेवारी असते. बाल न्याय कायद्यात क्रम दिला आहे: आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. त्यामुळे पहिली फेरी शाळेत. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधली नोंद मुख्याध्यापकांनाच पाहायला सांगायची, आपण कागद मागत फिरायचं नाही.

मग फोन. ग्रामीण भागात ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हे बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात आणि अंगणवाडी सेविका त्यांना साहाय्य करते. शहरात ही जबाबदारी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे असते. त्यांच्याकडून हालचाल होत नसेल किंवा वेळ कमी असेल तर १०९८. ही चाइल्डलाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा एक उपक्रम म्हणून सुरू झाली. २०२३ पासून ती सरकार चालवतं आणि तिला ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलं आहे. फोन मोफत आहे आणि फोन करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जातं. सीमेवरच्या गावांत मोबाइल कधी कधी पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो, म्हणून फोन लागताच आधी राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव सांगायचं, बाकीचं नंतर. जिथे रेंजच नाही तिथे पोलीस पाटील.

अधिकारी आणि पोलीस घरी येतात, दोन्ही बाजूंशी बोलतात, मुलगी अठराची होईपर्यंत लग्न लावणार नाही असं पालकांकडून लिहून घेतात. गरज वाटली तर मुलीला बाल कल्याण समितीपुढे हजर करतात. कुटुंब ऐकत नसेल तर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी लग्नाला मनाई करू शकतात, आणि मनाई हुकूम मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं.

इथे बातमी संपते. 'बालविवाह रोखला', चार फोटो, शंभर लाइक. खरं काम त्यानंतर सुरू होतं. त्याच मुलीला पंधरा दिवसांनी मामाकडे, तापी जिल्ह्यात किंवा बडवानीकडे नेऊन लग्न उरकलं जातं का, ती पुन्हा शाळेत गेली का, घरात तिला बोल लावले जात आहेत का, हे अधिकारी रोज येऊन पाहू शकत नाही. शेजारी राहणारी ताई पाहू शकते.

मग पैशाचा प्रश्न येतो. बाप वारला आहे, आई एकटी आहे, मुलगी मोठी होत चालली आहे, अशा घरात लग्न लवकर ठरतं. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अशा मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. मिशन वात्सल्यखालच्या प्रायोजकत्वात ४,००० रुपये आहेत. दोन्हींचे अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातात. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, बँक खातं, एवढं गोळा करताना एकट्या बाईच्या कितीतरी मजुऱ्या बुडतात. कागद जुळवून द्यायला तिच्यासोबत दोनदा तालुक्याला जाणारा स्वयंसेवक दहा पथनाट्यांपेक्षा जास्त कामाचा आहे.

सगळ्यात अवघड प्रसंग कोणता?

आई-वडिलांनी लावलेलं लग्न हा एक प्रकार झाला. दुसऱ्या प्रकारात सोळा-सतरा वर्षांची मुलं स्वतःच्या मर्जीने एकत्र राहू लागतात, समाजही कालांतराने ते मान्य करतो. (होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला सोशल मीडियावर 'पळून जाऊन लग्न करण्याचा मेळा' म्हणून खपवलं जातं. तो मुळात सणाच्या खरेदीचा बाजार आहे आणि आदिवासी समाजातूनच या वर्णनावर वारंवार आक्षेप घेतला गेला आहे.)

कायदा इथे कठोर आहे. अठराच्या आत संमतीला अर्थ नाही. ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अठराच्या आतल्या पत्नीशी ठेवलेला संबंधही बलात्कारच ठरवला. पोक्सोच्या कलम १९ नुसार असा गुन्हा माहीत असलेल्या प्रत्येकाने तो कळवलाच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे गर्भवती अल्पवयीन मुलगी दवाखान्यात आली की डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. मग काही घरं 'नवऱ्यावर केस होईल' या भीतीने तिला दवाखान्यातच नेत नाहीत. ज्या मुलीच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका आहे, तीच उपचारांपासून दूर राहते.

याला सोपं उत्तर नाही आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण स्वयंसेवकापुढचा क्रम स्पष्ट आहे. आधी तिला आरोग्य केंद्रात न्यायचं. नोंद झाली नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत. कळवण्याचं कर्तव्य टाळता येत नाही, पण ते तिला धमकावण्यासाठी वापरायचं नाही. तिचा जबाब पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री तिला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. हे तिच्या घरच्यांना आधीच माहीत असेल तर निम्मी भीती कमी होते. खटल्यादरम्यान तिच्यासोबत राहण्यासाठी बाल कल्याण समिती 'सहायक व्यक्ती' नेमू शकते. पोक्सो नियम २०२० मध्ये ही तरतूद आहे.

काय करायचं नाही?

फोटो काढायचा नाही. व्हिडिओ नाही, स्टेटस नाही, 'चेहरा ब्लर केलाय' म्हणूनही नाही. मुलाचं नाव, पत्ता, शाळा, कुटुंब, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाड्याचं नाव आणि 'नववीतली मुलगी' एवढं लिहिलं तरी तीस घरांच्या वस्तीत कोण ते सगळ्यांना कळतं. हरवलेल्या मुलाची पोस्टही पोलिसांत तक्रार झाल्यावर पोलिसांनी दिलेलीच पुढे पाठवायची, आणि मूल सापडलं की काढून टाकायची.

अत्याचाराच्या प्रकरणात पंच बसवून तडजोड करायची नाही. मुलाला 'नक्की काय झालं' असं पुन्हा पुन्हा विचारायचं नाही. एकदा शांतपणे ऐकायचं, 'तुझी चूक नाही' एवढं सांगायचं, आणि पुढचं काम प्रशिक्षित माणसावर सोडायचं. अनोळखी फिरस्त्याचा संशय आला तर त्याला अडवून चौकशी करायची नाही, ११२ ला फोन करायचा.

गावात वैर येईल ही भीती खरी आहे. सकाळी ज्यांच्या विहिरीवर पाणी भरायचं, त्यांच्याच घरचं लग्न थांबवायचं असतं. म्हणूनच बाहेर जाताना 'समितीला माहिती मिळाली' एवढंच गेलं पाहिजे, कोणाकडून मिळाली ते नोंदवहीतही लिहायची गरज नसते. सद्‌भावनेने दिलेल्या माहितीला पोक्सो कायद्यात संरक्षण आहे. आणि एकट्याने जायचं नाही, नेहमी दोघं-तिघं, त्यात एक बाई.

सामील व्हायचं तर कोणाकडे जायचं?

पहिली भेट अंगणवाडी सेविकेची. समिती कागदावर आहे की नाही, सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली, हे तिला माहीत असतं. समिती नावापुरतीच असेल तर विषय ग्रामसभेत मांडता येतो. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे पूर्ण तालुके आणि नंदुरबार, शहाद्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. तिथे पेसा कायद्यानुसार पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. मुख्य गावच्या सभेपर्यंत न पोहोचणाऱ्या बायकांना तिथे बोलता येतं, तेही पावरी किंवा भिलीत. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या शहरांत प्रभाग पातळीवरच्या समितीबद्दल नगरपालिकेत किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारावं लागतं.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक नेमतं. त्यांना प्रशिक्षण आणि कामाच्या दिवसाचं मानधन मिळतं, वकिलीची पदवी लागत नाही. ग्राम समितीच्या कामाला मात्र पगार नाही. वसतिगृह, शाळा किंवा शिकवणीवर्गात मुलांसोबत नियमित काम करायचं असेल तर पोलीस पडताळणी होते आणि ती व्हायलाच हवी. 'मी समाजसेवक आहे, मला कशाला?' म्हणणाऱ्याला तर आधी विचारावं.

मराठी चांगलं लिहिता-वाचता येणारा आणि पाड्याची बोली बोलणारा कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी या कामात सगळ्यात उपयोगी ठरते, कारण अर्ज मराठीत असतो आणि आई मावचीत बोलते.

ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. १ मेची सभा आखाजीच्या आसपास येते, तर २ ऑक्टोबरची कुटुंबं ऊसतोडीला निघायच्या आधी. त्या सभेत उभं राहून विचारायचा प्रश्न: 'यंदा आपल्या गावातून किती मुलं बाहेर जाणार आहेत आणि त्यातल्या किती जणांची शिक्षण हमी कार्डं तयार आहेत?'